पहिलं जे काही, ते घरी

३ मार्च

कामावर जाणाऱ्या तमाम आयांनो! मूल दोन वर्षांचं व्हायला आलं की सारं जग आपली तोंडी परीक्षा घेतं – दोन्ही पायांनी उडी मारतं का? दोन शब्द जोडतं का? आणि शेवटी मान तिरकी करून – 'तुला कसं कळणार म्हणा, तू दिवसभर कारखान्यात!'

(समोर सभा नाही, नुसतं पान आहे. बरंच आहे. पान मध्येच चहाला उठत नाही.)

आजची परीक्षक – नणंद. "वहिनी, आमची या वयात अख्खी गाणी म्हणायची." म्हणत असेल! आमचे मालक ठोकळ्यांचा मनोरा रचतात आणि लाथ घालून पाडतात. (मुलाला मी मालक म्हणते. युनियनच्या सरचिटणीसबाईला हुकूम सोडणारा घरात दुसरा कोण?) मी म्हटलं, "ताई, तुमची गाते, आमचा क्रांती करतो." नणंद हसली नाही. नवरा हसला, पण पाण्याच्या ग्लासामागे.

७ मार्च, रविवार

उडी! पायरीवरून, दोन्ही पाय एकदम, आणि माझ्या डोळ्यांसमोर! चाललाही असाच सुट्टीच्या दिवशी. पहिलं 'दे' म्हणाला तेही संध्याकाळी, मी दारात चपला काढत असताना. पोरगं सगळं माझ्यासाठी राखून ठेवतं. बोला म्हणावं आता.

१२ मार्च

व्यवस्थापनाबरोबर बैठक. आमची मागणी – कारखान्याच्या आवारात पाळणाघर. मॅनेजर मधाळ आवाजात म्हणाला, "बाई, मूल आईच्या नजरेआड वाढू नये. बायकांनी दोन वर्षं घरीच थांबावं, असं आपलं माझं मत."

उठलेच! "नोकरी करून माझ्या मुलाची एकही पहिली गोष्ट माझी चुकलेली नाही!" टेबलावर मूठ. त्याचा चहा त्याच्याच कागदांवर. बायकांच्या टाळ्या.

१३ मार्च

हात सुजलाय. भाषण मात्र उत्तम झालं.

१८ मार्च

दुपारची सभा रद्द झाली, म्हणून पाळणाघरात लवकर गेले. दोन जावा चालवतात ते, कारखान्यापासून बसने अर्ध्या तासावर. अंगणात मालक पायरीवरून उड्या मारत होते – सराईतासारख्या. मग एकाच्या हातातला चेंडू ओढत म्हणाले, "नाही, माझा चेंडू, तू जा!" अख्खं वाक्य! घरी आम्ही 'आई, दे'वर खूश.

"हे कधीपासून?"

"वाक्यं होय? झाला की महिना," धाकट्या काकू म्हणाल्या. "उडी तर त्याच्याही..." थोरल्या काकूंनी डोळे वटारले. उशीर झाला होता.

थोरल्या काकू दुपट्यांच्या घड्या घालत म्हणाल्या, "आमच्याकडे सांगायची पद्धत नाही, बाई. पहिलं जे काही, ते घरी. इथे होते ती तालीम."

"चालायला लागला, तेही?"

आणखी एक दुपटं. आणखी एक घडी.

१९ मार्च

तालीम! आणि मी पहिला प्रयोग समजून डोळे पुसत बसले! कारखान्यात कुणी अपघात दडवला तर मी गेट बंद पाडते. आणि इथे माझ्याच मुलाची बातमी माझ्यापासून दडवली. वर भरल्या बैठकीत मूठ आपटून मी खोटं बोलून आले.

सकाळीच जाऊन बजावलं – यापुढे जे होईल ते त्याच दिवशी सांगायचं. खरं, पूर्ण.

"सांगू की," थोरल्या काकू म्हणाल्या. "फक्त चुकलं म्हणून रडायचं नाही."

"मी रडत नाही."

"बरं."

हे 'बरं' मॅनेजरच्या अख्ख्या भाषणापेक्षा अपमानकारक होतं.

२३ मार्च

आज अहवाल मिळाला. "बाहुलीला थोपटून झोपवलं त्याने. पहिल्यांदाच." आभार मानले. घरी बाहुली त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती पलंगाखाली भिरकावली. मग मी स्वयंपाकघरात गेले. कांदा चिरत नव्हते, तरी डोळे चुरचुरले.

पाळणाघराच्या दारात माझ्याशेजारी आमच्या पॅकिंग विभागातली एकजण उभी होती. तिची मुलगी पुढच्या महिन्यात दोन वर्षांची होईल, आधाराशिवाय अजून पाऊल टाकत नाही. डॉक्टरांनी व्यायाम दिलेत. 'तुमची काय काय करते?' असं तिला आता कुणी विचारत नाही. न विचारणंही किती जोरात ऐकू येतं!

२४ मार्च

बैठकीत शब्द मागे घेतला. "बऱ्याच पहिल्या गोष्टी माझ्या चुकल्या. म्हणूनच पाळणाघर इतकं जवळ हवं, की जेवणाच्या सुट्टीत आईला जाऊन बघता येईल!" मॅनेजरचं हसू तोंडातच राहिलं. आवारातली एक खोली द्यायला तयार झाले. मूठ न आपटता!

२६ मार्च

पाळणाघरात मालकांच्या बुटाचा बंद बांधत होते. पॅकिंगवालीच्या मुलीने बाकाचा आधार सोडला. अंगण ओलांडून थेट बादलीपर्यंत गेली, एकटी, आणि बादलीला धरून हसली. दोन्ही काकू आणि मी, तिघी जागच्या जागी.

एवढ्यात तिची आई धापा टाकत आली. तिने काकूंना नाही, मला विचारलं, "आज काही...?"

"काही नाही ग," मी म्हटलं. "आज बाजारहाट राहू दे. सरळ घरी जा, तिला भिंतीला टेकवून उभी कर, आणि समोर हात पसरून बस."