तीन तारखेची दुपार

१४ जाने. १९७९, नाचणगाव
रजेवर आले, तर मागोमाग माझ्या गाईड सरांचं पत्र. पीएच.डी.च्या प्रबंधातून ३ डिसेंबरची दुपार काढ, नाहीतर सही नाही.
चार वर्षं दक्षिणेत रडारपाशी बसले. चुंबकीय विषुववृत्तावर, शंभर कि.मी. उंचीवर, विद्युतभारित हवेच्या गुठळ्या कशा वाहतात ते मोजलं. दिवसा त्या पश्चिमेकडे जातात. त्या दुपारी तासभर पूर्वेकडे गेल्या! इतरांना असं दिसलंय, पण आमच्या रडारवर पहिल्यांदाच, आणि तेही मला. सर म्हणतात, सकाळी केबल बदललीस ती उलटी जोडलीस, म्हणून पश्चिमेचं पूर्व दिसलं. बदलली होती, हे खरं.

१५ जाने.
शेजारच्या शांताकाकू आईला, "पोरगी रडारवर हाय, मंग पुलगावच्या मिलिटरी डेपोत लावून दे ना तिले! दुश्मनाचं इमान दिसन." म्हटलं, काकू, विमान नाही, डोळ्यांना न दिसणारं काहीतरी. "न दिसणारं पाह्याचा पगार भेटते?" हसले. पण दिवसभर केबलच डोक्यात. खरंच चुकले असेन तर...

१७ जाने.
मळ्यात बाबांबरोबर मेथीच्या जुड्या बांधत होते. राहवेना, सगळं सांगून टाकलं. बाबा हात न थांबवता म्हणाले, "वायर सकाळीच उलटी लागली ना वं? मंग त्या दिवशी सकाळचं कसं आलं, सरळ का उलटं?"
जुडी तिथेच टाकून घरी पळाले. वही ट्रंकेत. केबल साडेनऊला. अकराची नोंद पश्चिम. बाराची पश्चिम. साडेतीनची पूर्व. केबल काय दुपारी जेवून उलटते? प्रबंधात फक्त दुपार घेतली, म्हणून सरांनी सकाळ पाहिलीच नाही. आणि मी, एम.एस्सी.ला पहिली आलेली गाढव, मीही नाही! चौथी शिकलेल्या माझ्या बापाला दिसलं. इतका अभिमान वाटला की रडूच आलं.

१८ जाने.
पुलगावहून रजिस्टर पत्र टाकलं. सकाळच्या नोंदींची नक्कल जोडली. दुपार काढणार नाही, स्पष्ट लिहिलं. आभारांत बाबांचं नाव घालणार, तेही. बाबा, "मायं नाव कायले? मी तं फक्त इचारलं." आणि मग बाजारात भेटेल त्याला तेच सांगत सुटले. मेथी तशीच पडून.

३० जाने.
सरांची तार. ताबडतोब नीघ. एवढंच. आई विचारते, "शाबासकी द्याले बोलावलं का झापाले?" मला तरी काय माहीत. उद्याचं तिकीट काढलं. मान ताठ. सही मिळो न मिळो, त्या दुपारी गुठळ्या पूर्वेकडेच गेल्या.