ओल्शिंकाची हद्द

ओल्शिंका,
१७ मार्च १९७४

ती. ब्लाझेनाताईस,
ओताकारचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक. बर्फ वितळला आणि रस्त्याचा नुसता राडा झालाय. तुझ्या भावजयीचे, विएराचे, गुडघे धरलेत, तरी पोल्का नाचाची धून वाजली की गुडघ्यांना कसं बरं वाटतं ते देव जाणे.

यित्काचं लग्न सप्टेंबरात ठरलं. जावई स्लावेक गवंडी आहे. घराला लागून दोन खोल्या काढायचं ठरवलं होतं, पण अर्ज नामंजूर होऊन आला. लिहिलंय की ओल्शिंका ही 'स्थायी महत्त्व नसलेली वस्ती' आहे, इथे नवं बांधकाम होणार नाही. शाळा बंद झाली, बस आता दिवसातून एकदा येते, आणि आता हे. ज्यांना घर हवं त्यांनी कामेनोवला जावं म्हणे, कारण ते केंद्रगाव.

ताई, एक विचारतो, राग मानू नकोस. शेजारचा व्होंद्रा ह्राडकोवला तुमच्या जिल्हा कचेरीत गेला होता. तिथे भिंतीवर सगळ्या जिल्ह्याच्या वस्त्यांची यादी आहे. ओल्शिंकापुढे रेघ मारलीय, आणि व्होंद्रा म्हणतो की यादीचं अक्षर तुमच्या ब्लाझेनाचंच, उजवीकडे कललेलं. मी त्याला म्हटलं, तुला चष्मा बदलायला हवा. पण मला झोप लागत नाही. खरं काय ते कळव.

माया आहे तशी राहो,
तुझा ओताकार


ह्राडकोव,
२ एप्रिल १९७४

चि. ओताकार यास,
अनेक आशीर्वाद.

यित्काची बातमी वाचून डोळे भरून आले. गवंडी जावई मिळाला म्हणजे तुझ्या गळक्या छपराचीही सोय झाली! विएराला सांग, गुडघ्यांना हंसाची चरबी चोळ.

खोल्यांचं सध्या राहू दे. एक काम कर. ओढ्याकाठी बाबांच्या आलुबुखाराच्या बागेत हद्दीचा जुना दगड आहे ना? तो ओढ्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, आणि पाण्यापासून किती पावलांवर, ते मोजून कळव. त्यावर काही कोरलेलं असेल तर तेही. आणि हे व्होंद्राला सांगू नकोस. कोणालाच नको.

इथे हवा बरी आहे. ईस्टरला यायला जमेलसं दिसत नाही.

लहानपणचा लोभ आटू देऊ नकोस,
तुझी ताई


ओल्शिंका,
११ एप्रिल १९७४

ती. ताईस,
नमस्कार वि. वि.

पत्र मिळालं. पाकिटाची कड दोनदा चिकटवल्यासारखी वाटली. की हल्ली मला सगळंच तसं दिसतंय, कोण जाणे.

मी यादीचं विचारलं, तू दगडाचं विचारलंस. अक्षर माझं नाही एवढे तीन शब्द लिहायला किती शाई लागते? आणि व्होंद्राला का नको सांगू? मी सांगितलंच. तो म्हणाला, अरे, आधी गाव खोडलं, आता बाग मोजतायत; खाली तळं बांधणार असतील, तुझी झाडं पाण्यात जाणार. विएरा म्हणाली, ताई असं करणार नाहीत. मग मी तिला विचारलं, ताई असं करणार नाहीत तर त्या ईस्टरला घरी का येत नाहीत?

तर लिहून घे. बागेत दगड नाही. मोजायला कोणी येऊ नये.

ओताकार


ह्राडकोव,
६ मे १९७४

चि. ओताकार यास,
आशीर्वाद.

हे पत्र टपालाने नाही, बसचालक पेशेक यांच्या हाती पाठवते. कचेरीच्या पत्त्यावरून जाणारं टपाल आमच्याकडे वाचतात, म्हणून मागच्या वेळी मोकळं लिहिता आलं नाही.

यादीतलं अक्षर माझंच आहे. कोणती वस्ती ठेवायची ते माझ्या हातात नव्हतं, पण ज्या सभेत ठरलं तिथे मी बसले होते. ओल्शिंकाचं नाव आलं तेव्हा साहेबांनी विचारलं, कोणाला काही म्हणायचंय का? मी खाली मान घालून पेन्सिल तासत राहिले. म्हणून ईस्टरला आले नाही. तुझ्यासमोर जेवायला बसण्याची हिंमत नव्हती.

आता नीट वाच. जुन्या नकाशात दगडापासून पलीकडची बाग ओल्शिंकाची नाहीच, कामेनोवच्या हद्दीत आहे. म्हणजे तिथे यित्काचं घर होऊ शकतं. मी अर्जाचे कागद तयार केलेत. पण जागेवर दगड हवा, नाहीतर मोजणीदार ओढा हीच हद्द धरेल आणि बाग ओल्शिंकात जाईल. तो गुरुवारी येतोय. तू दगड नाही म्हणतोस, आणि मला आठवतंय की मी त्यावर बसून आलुबुखार खायची. ओत्या, तू काय केलंस?

तुझी ताई


ओल्शिंका,
२ जून १९७४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दगड मी उपटला होता. तुझं एप्रिलचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी. डुकरांच्या खोपटात पेंढ्याखाली ठेवला होता.

पेशेकनी पत्र दिलं बुधवारी दुपारी. विएरा आणि मी ढकलगाडीत दगड घालून भर रस्त्याने निघालो. सगळं गाव फाटकांत उभं. व्होंद्रा ओरडला, काय रे, स्मारक बांधतोस का? मी गाडी ढकलत राहिलो. खड्डा बुजवला होता तो पुन्हा उकरला.

गुरुवारी मोजणीदाराने ताजी माती पाहिली आणि म्हणाला, हद्दीचा दगड हलवणं गुन्हा आहे, ठाऊक आहे ना? तेवढ्यात कुबेशोव्हा आजी काठी टेकत आली. म्हणाली, साहेब, ऐंशी वर्षं मी हा दगड इथेच बघतेय, आमच्या शेळ्या बांधायचो त्याला. त्याने फीत धरली, जुना नकाशा उलगडला, तीन झाडांपासून अंतर घेतलं. दोन बोटांचाही फरक नाही. वहीत लिहिलं, 'कललेला दगड सरळ केला.' जाताना मला म्हणाला, पुन्हा कलू देऊ नका.

काल परवानगी आली. यित्का आधी हसली, मग तिला रडूच कोसळलं. स्लावेक पायाची आखणी करतोय.

मी तुला काय काय म्हणालो ते विएराला तोंडपाठ आहे. ती रोज ऐकवते. तुझ्यावर राग नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण तू लग्नाला आली नाहीस तर राग वाढेल.

एकच सांगायचं राहिलं. व्होंद्रा परवा आला, टोपी हातात घेऊन. कोणाबद्दल वाईट बोलला नाही. त्याच्या मुलालाही घर हवंय. विचारत होता, ताईंच्या नकाशात आमच्यासाठी काही निघेल का? त्याची सगळी जमीन दगडाच्या अलीकडे, म्हणजे ओल्शिंकातच आहे. मी त्याला म्हटलं, लग्नाला ताई येईल, तिलाच विचार.

या वेळी मान खाली घालू नकोस एवढंच.

घरची वाट विसरू नये,
तुझा ओताकार