बरण्यांत भरलेली मोटार

ती. दादांना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजावा. प्रत्यक्ष घातला तर उठवायला तुम्हालाच यावं लागेल.) आम्ही दोघं खुशाल आहोत. माझी साखर आटोक्यात आहे, हिचा आवाज नाही. तुमची प्रकृती विचारणं मात्र मी सोडून दिलंय, कारण फोनवर तुम्ही ‘ठीक’ म्हणता आणि ठेवून देता. वहिनी गेल्या त्याला वर्ष होऊन गेलं, तेव्हापासून तुमचं हे ‘ठीक’ ऐकतोय. जन्मभर बस डेपोत इंजिनं दुरुस्त करत, त्यांच्या वर आवाज चढवून बोलणारा माणूस इतक्या हळू ‘ठीक’ म्हणतो, तेव्हा काहीच ठीक नसतं हे मला कळतं. कुठे जात नाही, कोणाला बोलावत नाही, आम्ही या म्हटलं की ‘बघू’. मला तुमची फार काळजी वाटते, हे एकदा लिहून टाकतो आणि मुद्द्यावर येतो.

मुद्दा असा, की मी मोटार घ्यायची म्हणतोय. घ्यावी की नाही हे तुम्ही सांगायचं आहे. मत नकारार्थी असेल तर सविस्तर कारणं कळवावीत, म्हणजे मला ती एकेक करून खोडता येतील.

गाडी कशी आहे म्हणाल तर उत्तम आहे. कुठे आहे म्हणाल तर जरा अडचण आहे. आमच्या मागच्या गल्लीत एक औषधवाले राहतात. जन्मभर औषधाचं दुकान चालवलं, आता ते मुलीकडे दिलंय. त्यांनी हौसेने एक जुनी मोटार घेतली (आपल्या लहानपणी डॉक्टरांकडे होती ना, गोल दिव्यांची, गडद हिरवी, अगदी तीच जात) आणि दुरुस्त करायची म्हणून पार शेवटच्या स्क्रूपर्यंत सोडवली. एवढं झाल्यावर त्यांची कंबर धरली आणि गाडी तशीच राहिली. मी बघायला गेलो. त्यांनी बसवलं, पाणी दिलं, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. शेवटी न राहवून मी विचारलं, की गाडी कुठाय? तर म्हणाले, ‘तुम्ही बसलाय ना, ती तिची मागची सीट.’

मग त्यांनी मला घरभर गाडी दाखवली. दरवाजे कपाटामागे, बॉनेट पलंगाखाली, गिअरबॉक्स माळ्यावर. इंजिन आतल्या खोलीत चादर पांघरून होतं. घरात कोणी आजारी आहे असं समजून मी तिथे बराच वेळ दबक्या आवाजात बोललो. पण खरी गंमत पुढे आहे. सगळे नट, बोल्ट, स्क्रू आणि वॉशर त्यांनी घासूनपुसून दुकानातल्या काचेच्या बरण्यांत भरलेत. तेही कसे? आकाराने! बारीक एका बरणीत, त्याहून जरा मोठे दुसरीत, असं करत करत भिंतभर. दाराचा स्क्रू, दिव्याचा स्क्रू आणि इंजिनाचा स्क्रू एकाच मापाचे, म्हणून एकाच बरणीत गुण्यागोविंदाने नांदतायत. कोणता कुठला, असं विचारल्यावर औषधवाले अभिमानाने म्हणाले, की ते आता कोणीच सांगू शकणार नाही, पण हरवलेला मात्र एकही नाही.

तुम्ही इथे कपाळावर हात मारला असेल. मारू नका. मी पंचवीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवतोय. माणूस न बघता, नुसत्या ठशावरून तोंडभर दात बसवतो आणि माणसं त्या दातांनी हसतात, खातात, भांडतात. मला स्क्रूची भीती नाही. (नमुना म्हणून एक बरणी मी माझ्या दुकानात आणली होती. त्यातला एक वॉशर एका गिऱ्हाइकाच्या कवळीत गेला. गृहस्थ जेवताना टकटक आवाज येतो म्हणून तक्रार घेऊन आले. काढून दिला. तो विषय मिटला.)

गाडीत बसल्यावर कसं वाटतं ते बघायला हवं, असं मी म्हटलं आणि औषधवाल्यांनाही ते पटलं. पुढची सीट आणली, स्टुलावर काचेचे मीटर मांडले, स्टिअरिंग माझ्या हातात दिलं. ते शेजारी बसले. मी गाडी सुरू केली, म्हणजे तोंडाने केली. वळणावर औषधवाले माझ्या अंगावर कलले, इतकं ते छान जमलं होतं. तेवढ्यात त्यांच्या सौ. चहा घेऊन आल्या आणि कुठपर्यंत आलात म्हणून विचारू लागल्या. मला तिथेच कळलं, की ही गाडी आपली.

घरी हिला पटवणं सोपं नव्हतं. मी आवाज चढवला, युक्तिवाद केले, एक दिवस कमी जेवलो. तेव्हा कुठे ती नमली. माझा निर्धार पाहून भलेभले नमतील. आता कोणी कितीही हसो, ही गाडी रस्त्यावर धावणार म्हणजे धावणार.

एकच बारीकशी अडचण आहे. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात म्हणे. एकाने वर बसून पायाने ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने खाली आडवं पडून ‘दाब’, ‘सोड’ असं ओरडायचं. ब्रेक मी दाबीन. ओरडायला कोणी बघावं लागेल. हे मी तुम्हाला या म्हणून सांगतोय असं कृपया समजू नये. फक्त माहितीसाठी लिहिलं. मत तेवढं कळवा.

तुमचा धाकटा

ता. क. मत कळवायची घाई करू नका. गाडी कालच टेम्पोतून आली. बॉनेट आमच्या न्हाणीघरात आहे, त्यामुळे अंघोळ जरा तिरकं उभं राहून करावी लागते.

आणखी एक. मला गाडी चालवता येत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. औषधवाल्यांशी ओळख निघाली तर हे बोलू नका. त्यांनी माझ्या चालवण्याचं फार कौतुक केलंय.

भावोजी, पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून उरलेल्या जागेत मी लिहिते. मला कोणी पटवलं नाही. ती गाडी ह्यांच्या आधी मीच बघून आले होते. एक चालू गाडीसुद्धा मिळत होती आणि ती चांगली होती. पण चालू गाडी बघायला तुम्ही आला असतात तर चहा घेऊन संध्याकाळी परत गेला असतात. म्हणून ही धरली. औषधवाल्यांना विचारून खात्री करून घेतली, जोडायला काही वर्षं तरी जातील म्हणाले. मागची खोली तुमच्यासाठी लावून ठेवली आहे. कपडे जास्त आणा.