एकतिसावी कॅसेट

६ जानेवारी
नेत्रा येऊन गेली. बेचाळीस कॅसेटी, यांची एक वही आणि पाकीटभर फोटो घेऊन गेली. ठाण्याच्या संग्रहालयातली मुलगी ही. लोकांच्या घरातले जुने कागद, फोटो, आवाज तिथे जपून ठेवतात. कपाटाचा खालचा खण रिकामा झाला. हलकं वाटेल असं वाटलं होतं. नुसतं दमायला झालं.

अजून दिलेल्या नाहीत तशा. आधी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेणार, मग यादी करणार, मग २८ तारखेला मी सही करायची. यादीत प्रत्येक कॅसेटीपुढे एक रकाना — खुली की बंद. खुली म्हणजे कुणीही यावं, ऐकावं. बंद म्हणजे कुलपात.

मी म्हटलं, सगळ्या खुल्या लिही, मला काय करायच्यात. "काकू, घाई नको. आधी ऐका तरी," म्हणाली.

मला ऐकायच्याच नाहीत.

९ जानेवारी
मोबाईलवर गाणी यायला लागली. एकेका कॅसेटीचा सुरुवातीचा दोन मिनिटांचा तुकडा पाठवते. ऐकून सांगायचं — गाव कोणतं, नवरी कोण, नवरा कोण. गाणारी सगळीकडे एकच, शेलारची रंगूबाई धवलारीण. आमच्यात लग्नाचे विधी गाऊन लावते ती धवलारीण, आणि तिचं गाणं तो धवला, हे नेत्राला नीट सांगितलं. नवरा-नवरीचं नाव गाण्यात घ्यावंच लागतं, म्हणून ऐकलं की कुणाचं लग्न ते कळतं. ते वहीशी जुळवायचं.

मोबाईल लावून द्यायला पूर्वी असते. माझ्या पुतण्याची बायको, खालीच राहते. रंगूबाईचा आवाज ऐकून म्हणाली, "काकी, हे आमच्या डीजेवाल्याला देऊया. हळदीला पब्लिक नाचेल."

म्हटलं, डीजेत तिचा आवाज ऐकू तरी येईल का?

"बेस टाकला की येईल."

म्हटलं, बेस टाकलास तर ती शेलारहून काठी घेऊन येईल.

सात ओळखल्या आज.

१२ जानेवारी
अंजूर दोनदा. काल्हेर. मग परत अंजूर — या लग्नात पंगतीत भात कमी पडला होता, तेवढंच आठवतं.

हे नारपोलीत लूमवर जॉबर होते. माग अडला की यांना हाक. टेपरेकॉर्डर कारखान्याच्या यहयाशेठनी दिला, त्यांच्या भावाने कुवेतहून आणलेला. ड्युटी सांभाळून हे लग्नं टिपत फिरायचे. "रंगूबाई गेली की हे सगळं जाईल," म्हणायचे. रंगूबाई आहे. हेच गेले.

माईक मी धरायचे. आमची दर्शना मांडीवर झोपलेली. हात आखडायचा, पण हलवायचा नाही, खरखर येते.

१३ जानेवारी
आज मोबाईल उघडला नाही.

१५ जानेवारी
लिहूनच टाकते.

दर्शना गेली तेव्हा वीस वर्षांची होती. हृदयाची झडप खराब. ती सोळाची असतानाच डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं — लग्नाचं मनात आणू नका, बाळंतपण झेपायचं नाही. आणि तसंही फार वर्षं धरू नका. तिला आम्ही सांगितलं नाही. स्थळं यायची. मी दारातूनच परत पाठवायचे, शिकतेय अजून म्हणून. तिला सांगायचे, तुला शोभणारा नव्हता गं. ती हसायची. काही न कळता गेली पोर, एवढ्यावर मी वीस वर्षं काढली.

वाचायला मी तिच्याबरोबर शिकले. ती पहिलीत, मीही पहिलीत. पाढ्यांत ती पुढे गेली, मी राहिले.

ती गेल्यावर सहा महिने झाले नाहीत तोच हे टेप उचलून एका लग्नाला निघाले. मी दारात उभी राहिले. "लोकांच्या पोरींची लग्नं टिपायला तुमचे पाय उचलतात कसे?" यांनी चपला घातल्या, गेले. त्यानंतर मी माईक धरला नाही. पंधरा वर्षं एका खोलीत राहिलो, जेवायला वाढलं, औषधं दिली, पण त्या गोष्टीवर बोललो नाही.

म्हणून त्या कॅसेटी मला घरात नकोत.

१९ जानेवारी
एकतिसावी. नेत्राने लिहिलं होतं, लेबल कोरं आहे, वहीतही नोंद नाही, बघा ओळखता येतं का.

बँड नाही, बायकांची कुजबुज नाही. बंद खोली. भिंतीपलीकडे लूम खडखडतायत. रंगूबाई गाते —

पाटाव बसली दर्शना बाय गो, दर्शना बाय...

पूर्वीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, गावोगाव दर्शना ढीगभर आहेत.

मग नवऱ्याचं नाव घ्यायची जागा आली. रंगूबाई थांबली. "आता कुनाचं नाव घेऊ?"

आणि हे बोलले. पाच वर्षांनी यांचा आवाज. "कुणाचं नको. तिचंच घे परत."

तुकडा संपला. पूर्वी गुपचूप खाली गेली, चहा घेऊन आली. मी तशीच बसले होते. चहाही तसाच राहिला.

२० जानेवारी
गेलेल्या पोरीचं लग्न लावलं यांनी! मला न विचारता, दार लावून. आणि ते टेप करून लोकांच्या लग्नांत ठेवून दिलं.

नेत्राला फोन केला. एकतिसावी परत दे म्हटलं. "देते काकू, तुमचीच आहे. बाकीच्यांचं काय करू?" म्हटलं, त्याही नकोत द्यायला. सही करणार नाही मी. तिचे पंधरा दिवस फुकट गेले, कळतं मला.

२३ जानेवारी
रिक्षाने शेलारला गेले. रंगूबाई ओटीवर उन्हात बसली होती. नव्वदीला आली असेल. जीभ तशीच आहे.

"काय गो, येवऱ्या वर्सांनी? मी मरायची वाट बगत व्हतीस?"

मी सरळ विचारलं. तुला कसं गाववलं? मेलेल्या पोरीचा धवला कुणी गातं?

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मेलेली कोन? माझ्या म्होरं बसली व्हती ती पाटाव, हलद लावून. मी न्हायच बोलले तुझ्या तुलशीरामला. लगीन न्हाय तं धवला न्हाय, वंगाल असतं ते. तं पोरगीच बोलली, आजी, माझं लगीन व्हनार न्हाय, मना ठावं हाय. तू आताच गा. मग मी काय बोलू?"

मी कुठे होते तेव्हा?

"तुझी आये वारलेली. बाराव्याला गेलतीस अंजूरला."

खरं आहे. दगदग नको म्हणून दर्शनाला मीच घरी ठेवलं होतं. त्यानंतर चार महिन्यांत ती गेली.

"निगताना माझ्या पाया पडली. बोलली, आयेला सांगू नको. तिला वाटतंय मना काय म्हाईत न्हाय. वाटू दे."

रंगूबाई बस म्हणत होती. बसवलं नाही. परत येताना रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, कुठे उतरायचं.

२५ जानेवारी
नेत्राकडून अख्खी एकतिसावी मागवली. अकरा मिनिटं. पूर्वीला खाली पाठवलं, एकटीने ऐकली.

धवला संपतो. थोडा वेळ नुसते लूम. मग खोकला. मग दर्शना — "बाबा, टेप बंद नका करू. आई उद्या येणार आहे, मग नाही जमणार."

नाक ओढल्याचा आवाज आहे, तो यांचा.

एवढं पोटात घेऊन हे पंधरा वर्षं माझं ऐकून घेत होते. एकदा तरी उलटून बोलायचं होतं.

२८ जानेवारी
सही केली. बेचाळीसही दिल्या. एकतिसावीपुढे नवरी — दर्शना. नवऱ्याचा रकाना कोरा ठेवायला सांगितला. नेत्राने हळूच विचारलं, "ही बंद लिहू ना काकू?"

म्हटलं, खुली लिही. लग्नाला माणसं नकोत का?