मामांचं कडं आणि मामींची झोप

ती. मामांस,

शिडीचा साष्टांग नमस्कार. (पूर्वी मी साष्टांग घातला की पाय उंबऱ्याबाहेर जायचे आणि मामी त्यांना अडखळायच्या. आता गुडघा असा झालाय की साष्टांग घातला तर उठवायला माणसं बोलवावी लागतील, तेव्हा पत्रातलाच गोड मानून घ्यावा.) तुमचा खांदा कसा आहे? शेक घेता, की नुसतं "घेतो घेतो" म्हणून मामींना गुंडाळता? मामींनी विचारलंय की संघाच्या नव्या फोटोत कडेला जे अस्वल उभं आहे, त्याच्या आतल्या माणसाला उकडत नाही का, आणि तू कुठे दिसत नाहीस तो? त्यांना सांगा, अस्वल हे आमच्या संघाचं निशाण आहे, आतल्या माणसाचं बरं चाललंय, आणि फोटोत गर्दी फार होती. मी आहे त्यात.

तुमचा मुद्दा माझ्या लक्षात आहे. कारखान्याला गिऱ्हाईक आलंय, महिनाअखेर त्याला हो की नाही ते सांगायचंय. तू परत येऊन लेथला उभा राहणार असशील तर नाही म्हणतो, नाहीतर विकून मोकळा होतो, आणि मागच्या भिंतीवरचं कडं भंगारात घालू का, असं तुम्ही लिहिलंय. सरळ प्रश्न आहे, सरळ उत्तर देतो. पण कड्याचं नाव काढलंत, म्हणजे आधी त्याच्याबद्दल बोलणं आलं.

मामा, तुम्ही जन्मात बास्केटबॉल पाहिला नव्हता. मीही नव्हता. शाळेत कुणीतरी चेंडू आणला, मी घरी येऊन हट्ट धरला, आणि तुम्ही तो चेंडू हातात घेऊन गिऱ्हाइकाचा शाफ्ट पाहावा तसा फिरवून फिरवून पाहिलात. माप घेतलंत. दुसऱ्या दिवशी कडं तयार, भिंतीतल्या अँगलला वेल्डिंगसुद्धा झालेलं. मी नेम धरून चेंडू टाकला आणि तो कड्यात जाऊन बसला तो बसलाच. शिडी लावून, खालून ठोकून काढावा लागला, कारण तुम्ही कडं बरोब्बर चेंडूच्या मापाला बेतलं होतंत, सूतभरही सैल नाही! "फिटिंग म्हणजे फिटिंग, ढिलं काम आपल्याकडे होत नाही." मी भोकाड पसरलं तेव्हा कुठे तोंड वाकडं करून ते बोटभर वाढवलंत, आणि पुढे आठवडाभर येईल त्याला सांगत होतात की भाच्याच्या हट्टापायी हातातून पहिल्यांदा ढिसाळ काम गेलं. आई गेल्यावर मी तुमच्याकडे आलो तो चिडका, मुका पोरगा होतो. त्या बोटभर जागेतून चेंडू घालता घालता माणसात आलो. लेथची घरघर, कूलंटचा वास, चपलेत घुसणारा लोखंडाचा कीस, आणि दुपारी भिंतीपलीकडून मामींचा आवाज, "मेल्या, ती धपधप बंद कर, जरा डोळा लागू दे!" अजून कानात आहे सगळं.

कॉलेजात पहिल्या दिवशी खरं कडं पाहिलं आणि मला वाटलं, ही विहीर कुणी टांगलीय वर? कुठूनही टाका, आत. पाठ करून टाका, आत. सरांनी विचारलं, कुठे शिकलास? मी म्हटलं, मामांच्या लेथवर. त्यांना वाटलं पोरगा टिंगल करतोय. मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. पण तीन वर्षं कॉलेजने मला डोक्यावर घेतलं. भिंतीवर माझं चित्र काढलं होतं (नाक तुमच्यासारखं आलं होतं, त्याला माझा इलाज नाही). परदेशातल्या क्लबाचं बोलावणं आलं तेव्हा तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या दिवशी कारखाना बंद ठेवलात, विमानतळावर आलात, आणि गळ्यात हार पडत असताना माझ्या खिशात तुमचं व्हर्नियर कोंबलंत. "तिकडच्या मापांवर विश्वास ठेवू नकोस." पुढे तपासणीवाल्यांनी ते स्टीलचं दातेरी प्रकरण बाहेर काढून मला तासभर बसवून ठेवलं. हे हत्यार नसून मापाचं साधन आहे हे पटवायला मला एका अधिकाऱ्याच्या अंगठ्याची जाडी मोजून दाखवावी लागली.

तर मापांचं तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. तुमच्याकडे मी शिडी. इथे उतरलो, आणि स्वागताला आलेल्या सगळ्यांच्या शर्टाची तिसरी गुंडी माझ्या डोळ्यांसमोर. संघात मी सर्वांत ठेंगू! त्यांनी आल्या आल्या माझं नाव त्यांच्या भाषेत "चिमणा" ठेवलं. एक मात्र झालं, भाड्याच्या खोलीत घरमालकिणीने दिलेल्या पलंगात आयुष्यात पहिल्यांदा माझे पाय मावले. संघ गाद्यांच्या कारखान्याचा, त्यामुळे पगार बेताचा पण झोप उत्तम. गर्दीत घुसून खेळणं मला जमेना, कोपर थेट कपाळावर बसायचं. म्हणून मला बाकावर ठेवायचे आणि शेवटच्या घटकेला लांबून टाकण्यापुरतं उठवायचे.

आणि आता मामींना वाचून दाखवा. फ्री थ्रो म्हणजे सगळे बाजूला होतात आणि एकट्याने रेघेवर उभं राहून चेंडू टाकायचा असतो. पहिल्याच सामन्यात मी तसा उभा राहिलो, हजारो परकी माणसं ओरडत होती, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मामी, झोपा." चेंडू आत. मग ती सवयच लागली. जवळच्या लोकांनी ते ऐकलं, उचललं, आणि वर्षभरात अशी परिस्थिती झाली की मी रेघेवर गेलो की सगळं सभागृह पाय आपटत गर्जना करायचं, "मामी झोपा! मामी झोपा!" अर्थ एकालाही ठाऊक नाही. घरमालकीण तर विणकाम बाजूला टाकून उभी राहायची. एकदा शेवटच्या क्षणी जिंकून दिलं तेव्हा कोपऱ्यावरच्या पाववाल्याने माझ्याकडून पैसे घेणं बंद केलं. (पुढच्या शनिवारी हरलो. मग परत घ्यायला लागला, थोडे जास्तच.) त्या गर्जनेत उभं राहून मी डोळे मिटले की मला तुमची मागची भिंत दिसायची. फार सुखाची वर्षं गेली, मामा.

आता गुडघा बोलतो, पण क्लब माणसांना वाऱ्यावर सोडत नाही. मला इथेच दुसरं काम दिलंय, सामन्याच्या दिवशी मैदानात उभं राहायचं, मान आहे, पोरंसोरं ओळखतात. तेव्हा माझी काळजी नको. कारखान्याचं तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
शिडी

ता. क. कडं भंगारात घालू नका. उगाच आपलं सांगितलं.

ता. क. २. कारखानाही विकू नका. गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगा. लेथला उभं राहायला गुडघा पुरतो, मी इथल्या एका कारखान्यात लेथवर उभं राहून पाहिलंय. व्हर्नियर परत आणतोय. ते अजून बरोबर मोजतं.

ता. क. ३. मामींना सांगा, अस्वलाला फार उकडतं. गेला सबंध हंगाम उकडतंय. परवा संघातला नवा पोरगा फ्री थ्रोच्या रेघेवर उभा राहिला आणि सवयीने सगळे ओरडायला लागले, "मामी झोपा!" त्या गर्दीत अर्थ कळणारा मी एकटा, आणि कातड्यातून डोळे पुसता येत नाहीत हो. मला घरी यायचंय, मामा. आल्यावर थोडी धपधप होईल, मामींना आधीच सांगून ठेवा.