भाऊंच्या नावापुढचे चौकोन

११ जानेवारी, शनिवार

तेजसभाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचं काम मिळालं. वाढदिवस १९ तारखेला. नशिराबादपासून जळगावच्या अजिंठा चौफुलीपर्यंत खांबाखांबावर भाऊच भाऊ. भाऊ माझ्या लेकीपेक्षा, मयुरीपेक्षा लहान, पण भाऊ म्हटलेलं बरं असतं.

त्यांचा खास माणूस ललित स्वतः दुकानात आला. म्हणाला, हे नीट झालं तर यंदाच्या निवडणुकीचं बठ्ठं, अगदी सगळं काम बन्सीनानांकडे, म्हणजे माझ्याकडे. बिघडलं तर काय, ते मी विचारलं नाही. गेल्या वर्षी एकानं भाऊंचा फोटो उलटा छापला होता. पोरांनी तोच फ्लेक्स त्याच्या अंगाभोवती गुंडाळून त्याला चौकात उभं केलं. हल्ली तो गावात दिसत नाही.

मला काय त्याचं. एवढी वर्षं डीटीपी करतोय. निवडणुकीचं काम मिळालं तर दुकान चालेल, नाही तर शटरला कायमचं कुलूप, एवढंच. घाबरण्याचा प्रश्नच नाही.

संकल्प: सोमवारी फाइल तयार. संक्रांत निवांत.

१३ जानेवारी, सोमवार

ललितनं मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला. मोबाइलवर भाऊंच्या नावाआधी मुकुट, नंतर वाघ. छान दिसत होतं. कॉम्प्युटरवर घेतलं तर मुकुटाच्या जागी प्रश्नचिन्ह, वाघाच्या जागी प्रश्नचिन्ह.

? भावी नगरसेवक तेजसभाऊ ?

दुकानात कोणी नव्हतं, तरी मी स्क्रीनवर टॉवेल टाकला.

माझं विंडोज जुनं आहे. त्याला हे मोबाइलचे मुकुट कळत नाहीत. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मलाही कळत नाहीत. सगळा मजकूर माझ्या नेहमीच्या फॉन्टात नव्यानं टाइप केला. माझ्याकडे चिन्हांचा एक वेगळा फॉन्ट आहे, त्यातला मुकुट टाकला. वाघ नव्हता, म्हणून दुसरा मुकुट टाकला. शुभेच्छुकांच्या प्रत्येक नावामध्ये फूल. डोळे निवले.

शेजारचा मोईज डोकावून म्हणाला, नाना, माझ्या मशिनवर छापून घ्या, नवीन आहे. नको म्हटलं. शेजाऱ्याला आपलं गिऱ्हाईक दाखवायला मी काय काल जन्मलो? फाइल नेहमीप्रमाणे धुळ्याला, छपाईवाल्या हाशमभाईंकडे पाठवली.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

हाशमभाईंनी त्यांच्या स्क्रीनचा फोटो पाठवला. भाऊंच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, टोप्या, कंस. कोणी तरी शिव्या लपवून लिहिल्यासारखं.

त्यांनी सफरचंदवाला कॉम्प्युटर घेतलाय. मला न विचारता. माझा फॉन्ट फक्त माझ्या कॉम्प्युटरात, त्यांच्याकडे तो नाही, म्हणून हा धिंगाणा. फॉन्ट पाठवला. त्यांचं मशिन तो घेईना.

हातातली तिळगुळाची वडी ठेवून दिली. जरा जास्तच गोड होती.

पुण्याला मयुरीला फोन केला. ती म्हणाली, पप्पा, अक्षरांचं चित्र करून टाका, मग कुठेही उघडा, तसंच दिसेल. हे मला माहीत आहे. पण चित्र केलं की नाव घालता येत नाही, आणि मशिन सुरू होईपर्यंत शुभेच्छुक वाढतच असतात. आजच ललितनं नवीन नावं पाठवली. त्यात एक चाळीसगावचे नाना, एक साक्रीचे आबा. कोणाचं नाव राहिलं तर तो भाऊंवर रुसणार, भाऊ माझ्यावर. सॉफ्टवेअरवाल्यांना ही भाऊबंदकी कळत नाही.

१५ जानेवारी, बुधवार

एका फुकटच्या वेबसाइटवर सगळा मजकूर युनिकोड करून घेतला. आता कुठेही उघडेल. मी उगाच ताण घेत होतो.

दुपारी ललितचा फोन. भाऊंनी विचारलंय काम कुठवर आलं. मी म्हटलं, झालंच. तो म्हणाला, झालं का होतंय, नीट सांगा. मी म्हटलं, झालं.

आणखी नावं आली.

१६ जानेवारी, गुरुवार

फाइल धुळ्याला पुन्हा पाठवली. संकल्प: प्रूफ अक्षर न अक्षर तपासायचं.

संध्याकाळी प्रूफ आलं. उघडलं नाही. उघडलं की त्यातून काही तरी निघतं असा माझा अनुभव आहे. मोबाइल हातात घेतला. तीन वेळा चष्मा पुसला. शेवटी न उघडताच 'ओके, छापा' लिहून टाकलं. माणसावर विश्वास ठेवावा.

बायकोनं, मंदानं भरीत केलं होतं. दोन घास खाल्ले. ती म्हणाली, बामनोदची वांगी आहेत, त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?

१८ जानेवारी, शनिवार

फ्लेक्स परस्पर धुळ्याहून भाऊंच्या ऑफिसला गेले. लागलेसुद्धा. संध्याकाळी रुबाबात स्कूटरवर बघायला निघालो.

आकाशवाणी चौकात भाऊ हात जोडून उभे. नावाच्या आधी एक मोठा चौकोन, आत फुली. नावाच्या नंतर एक मोठा चौकोन, आत फुली. खाली शुभेच्छुक, आणि प्रत्येक दोन नावांच्या मध्ये एक छोटा चौकोन, आत फुली.

अक्षरं सगळी बरोबर. फक्त माझे मुकुट आणि फुलं चौकोन झाली होती. युनिकोड अक्षरांचं झालं, चिन्हांचा फॉन्ट राहिला तो राहिलाच.

मला भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही, वाचणार कोण आहे. भाऊंच्या नावावर दोन्ही बाजूंनी फुली मारलीय मी, निवडणुकीच्या तोंडावर. विरोधकानं सुपारी दिली असं म्हणतील. स्कूटर ढकलत घरी आणली, चालू करायला सुचलं नाही.

हाशमभाईंना फोन केला. ते म्हणाले, "बन्सीभाई, मुझे लगा आपकी डिझाइन है. प्रूफ पे आपने ओके किया ना."

१९ जानेवारी, रविवार. चाळीसगाव

बहिणीकडे आलो. बरेच दिवस यायचं मनात होतं. फोन बंद ठेवलाय, बॅटरीला विश्रांती.

निघताना मंदाला सगळं सांगितलं. ती साक्रीकडची, तिच्या भाषेत म्हणाली, "कोन मारी तुमले? जेवा गपचूप." म्हणे मला कोण मारणार! बायकांना राजकारण कळत नाही.

संध्याकाळी तिनं बहिणीच्या फोनवर निरोप दिला. ललित दोनदा दुकानावर येऊन गेला, सोबत चार पोरं. नाना कुठे, नाना कुठे करत होता. हसत होता म्हणे. असली माणसं हसतच येतात.

संकल्प: दुकान बंद करायचं. इथेच लग्नपत्रिका छापायच्या. चाळीसगाव जंक्शन आहे, पळायलाही चारी बाजू मोकळ्या.

२१ जानेवारी, मंगळवार. चाळीसगाव

दिवसभर घरात. दाराची कडी वाजली की मी मोरीत. बहीण म्हणाली, दादा, दूधवाला आहे. मला माहीत होतं.

२२ जानेवारी, बुधवार

जळगावला परत. बहिणीनं गाडीत बसवून दिलं.

शटर उघडतोय तोच मोईज आला. हातात दोन चहा. मी आधी रस्ता पाहिला, मग चहा घेतला. तो जे बोलला ते लिहून ठेवतो, नाही तर मलाच खरं वाटणार नाही.

भाऊ खूश आहेत. गावभर चौकोनांची चर्चा. पोरं दोन्ही हातांच्या बोटांचे चौकोन करून फ्लेक्सपुढे सेल्फी काढताहेत. कोणी म्हणतं ही मतपत्रिकेची फुली आहे, कोणी म्हणतं मुंबईची नवी फॅशन आहे. साक्रीच्या आबांनाही तसाच फ्लेक्स हवाय. ललित दोन दिवस हेलपाटे घालत होता तो निवडणुकीचं काम द्यायला. दुकान बंद, फोन बंद. मग त्यानं ते मोईजला दिलं. अट एकच, चौकोन तसेच पाहिजेत.

तेवढंच मोईजला जमत नव्हतं. त्याच्या नव्या मशिनवर मुकुट टाकला की मुकुट दिसतो, फूल टाकलं की फूल. "नाना, ते चौकोन कसे काढता तेवढं सांगा," तो म्हणाला. "काम निम्मं निम्मं."

मी शांतपणे चहा संपवला. म्हटलं, ती जरा आतली कला आहे. उद्या या.

२३ जानेवारी, गुरुवार

सकाळपासून बसलोय. एक चौकोन येत नाही. तीच फाइल, तोच मजकूर. माझ्या स्क्रीनवर मुकुट, फुलं, सगळं स्वच्छ. एवढं स्वच्छ मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. भीती वाटायला लागली.

हाशमभाईंना फोन केला. म्हटलं, जुनी फाइल उघडा. ते आनंदानं म्हणाले, आता चिंताच नाही, खास तुमच्यासाठी माणूस बोलावून तुमचा चिन्हांचा फॉन्ट बसवून घेतला, आता मुकुट दिसतात. मी म्हटलं, काढा तो. ते म्हणाले, पैसे मोजून बसवलाय, आता कशाला काढू? बन्सीभाई, तबियत ठीक है ना?

मोईजचं मशिन नवं, तिथे येत नाहीत. माझं जुनं, इथेही येत नाहीत.

संध्याकाळी हातानं काढले. चौकोन, आत फुली. पट्टी लावल्यासारखे सरळ, रेघ जाड, रंग काळा. फ्लेक्सवर होते त्याहून सुबक. मोईजनं फोटो ललितला पाठवला. आम्ही दोघं बाकावर बसून व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणांची वाट पाहत होतो.

ललितचं उत्तर आलं.

"नाना, हे नकली वाटताहेत. भाऊ म्हणताहेत ओरिजिनल पाठवा."