बाबांचा पावसाळा चिमीकडे

२ जुलै

चि. चिमीस ताईचे अ. उ. आ.

वि. वि. बाबा नवा चष्मा करायला म्हणून आठवड्यासाठी तुझ्याकडे आले, त्याला महिना होत आला. तू चष्म्याच्याच दुकानात काम करतेस ना? मग काच आणायला कुणाला पायी धाडलंय की काय?

बाबांनी तुझ्या मागच्या अंगणात भाजी लावली आणि भर पावसात कुदळ घेऊन चर खणतात, हे वाचून मी पाकिटावरचा पत्ता पुन्हा पाहिला. म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या बाबांचं पत्र चुकून आलं असेल. आई गेल्यापासून ते माझ्या घरी खिडकीजवळच्या खुर्चीतून हलले नाहीत. चहा हातात, पेपर हातात, गोळ्या वाटीत. मी काही कमी पडू दिलं नाही. गच्चीवर चला म्हटलं की गुडघे दुखायचे. तुझ्याकडे गुडघे बदलून मिळतात वाटतं.

येत्या रविवारी त्यांना पाठव. सर्दी-खोकला झाला तर निस्तरायला मीच आहे. लोभ थोडा इकडेही येऊ द्यावा, सगळा तिथेच संपवू नये.

तुझी,
ताई

१४ जुलै

ती. ताईस चिमीचा सा. न. वि. वि.

बाबा येत नाहीत म्हणतात. मिरचीला फूल धरलंय, असं टाकून कसं जायचं, असं मलाच विचारतात. यंदाच्या पावसाने नुसता उच्छाद मांडलाय. पहिली भेंडी जागच्या जागी कुजली, काकडीचे वेल गोगलगायींनी फस्त केले. बाबांनी पुन्हा पेरलं. वाफे वीतभर उंच केले, पाण्याला वाट करून दिली. टोमॅटो सडायला लागले तेव्हा जुन्या छत्र्यांची कापडं उसवली आणि माझ्या मशीनवर शिवून रोपांना छप्पर केलं. तेही दुहेरी शिलाईचं! शिंपीकाम सोडल्यापासून त्यांनी मशीनला हात लावलेला मी पाहिला नव्हता. शेजारचे बघायला येतात आणि बाबा गळ्यात टेप अडकवून त्यांना सगळं समजावतात.

रागावू नकोस. सोबतचा घेवडा त्यांनी स्वतः तोडलाय, तुझ्यासाठी. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझी,
चिमी

२८ जुलै

चि. चिमीस अ. उ. आ.

घेवडा पोचला. जरा जून निघाला.

शिलाईचं वाचून मला काहीही वाटलं नाही. माझ्या पडद्यांची शिवण उसवली होती तेव्हा बाबांना त्रास नको म्हणून मी ते बाहेरून शिवून आणले होते, एवढंच आठवलं. असो.

तुला कळवायचं राहिलं, मीही गच्चीवर कुंड्यांत भाजी केली आहे. एवढ्या पावसातही वांग्यांना कीड म्हणून नाही. सोबत पाठवते आहे. बाबांना दाखव आणि ते काय म्हणतात ते जसंच्या तसं कळव. आपल्या माणसांना विसरू नये.

ताई

३० जुलै

चि. मेहुणीबाईंना भावोजींचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या ताईला न सांगता टाकतो आहे. वांगी बाजारातली आहेत. मीच आणली, एकेक निवडून. गच्चीवरच्या कुंड्यांत पाणी तुंबलं आणि सगळी रोपं गेली. त्या दिवशी ती धो धो पावसात रोपांवर छत्री धरून उभी होती, स्वतः भिजत. मी हसलो, तर दोन दिवस अबोला. पण तू हसू नकोस. बाबांची खुर्ची ती रोज पुसते, कुणाला बसू देत नाही. सांभाळून घे आणि या गरिबाचं नाव कुठे येऊ देऊ नकोस.

९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

वांगी बाबांनी उलटसुलट करून पाहिली, छान आहेत म्हणाले आणि जेवताना दोनदा वाढून घेतली. जसंच्या तसं कळवलं.

आता माझंही ऐक. तुला वाटतं, मला बाबा लाभले. अगं, ते दिवसभर मला तुझ्या नावाने हाक मारतात! दोरी धरायची मी, त्यांच्या तोंडी ताई. माझी गाठ सैल पडली की ताईने कशी आवळली असती ते ऐकवतात. चिखलात उभी मी, कौतुक तुझं. इतकी वर्षं ते तुझ्याकडे होते. मला एक पावसाळा मिळाला, त्यातही तूच. माझ्या पोटात दुखत नसेल?

ताईकडे नुसते का बसून असायचात, हे मी त्यांना स्पष्टच विचारलं. म्हणाले, तिथे मी उठायच्या आत सगळं झालेलं असतं. तुला काहीच येत नाही, म्हणून इथे बरं वाटतं. घे! तुझी कर्तबगारी तुला, माझा बावळटपणा मला.

काल वाऱ्याने घेवड्याचा मांडव आडवा झाला. मी दुकानात होते. बाबा एकटेच उचलायला गेले आणि त्यांचं मनगट मुरगळलं. मला एकटीला जमायचं नाही, ताई. रुसवा घरी ठेव आणि ये.

तुझीच,
चिमी

२४ ऑगस्ट

ती. बाबांस ताईचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले.

तुम्हाला घेऊन जायचंच म्हणून मी आले होते. येताना रिकामी बॅगही आणली होती. तुम्ही पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून पायरीवर बसला होतात. मी नमस्काराला वाकणार, तोच बांबू धर म्हणालात. मी धरला. मग माझ्या पद्धतीने भराभर उरकायला गेले आणि नुकत्याच उगवलेल्या भेंडीवर पाय दिला.

केवढ्यांदा ओरडलात! डोळे आहेत की बटणं शिवलीयत, म्हणालात. मी आता तडक निघणार, या भीतीने चिमी पांढरी पडली. बाबा, कामावर हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये सगळे मला टरकून असतात. घरात मी म्हणेन ते होतं. आणि तुम्ही तर आई गेल्यापासून माझ्याशी पाहुण्यासारखं जपून बोलायचात. परतीच्या बसमध्ये ते ओरडणं आठवून मला हसू आवरेना. मग डोळ्यांना धार लागली. शेजारची बाई विचारायला लागली, बरं वाटत नाही का.

पाऊस ओसरला तरी इथेच राहतो, असं निघताना तुम्ही मला सांगितलंत. मी बरं म्हटलं. मनापासून म्हटलं, असं काही लिहीत नाही. तुम्ही चिमीवर रोज खेकसत असणार, या विचाराने माझा जळफळाट होतो. रविवारी मी येते आहे. तोवर तिला फार रागावू नका, थोडं माझ्यासाठी शिल्लक ठेवा.

कळावे. लोभ आहे तसाच रागही असावा.

तुमची,
ताई